पाटीवर कुणाचं नाव

ग्रामसभेत मी सरपंचांच्या हातातला माइक ओढून घेतला, त्याला आता दीड वर्ष होईल. गावात अजून सांगतात की रिटायर झाल्यापासून नर्सबाईंचं डोकं फिरलंय. फिरलं असेल. तीस वर्षं त्या गावाच्या उपकेंद्रात नोकरी केली, पण कधी आवाज चढवला नव्हता. मूल लसीला आणलं नाही म्हणून एखाद्या आईला रागावले असेन, तेवढंच. त्या दिवशी मात्र मी ओरडले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

भांडण एका पाटीवरून होतं. डोंगरावरच्या ठाकरवाडीला नवा रस्ता झाला, त्याच्या तोंडाशी एक निळी पाटी आहे. तिच्यावर टीव्हीवरच्या एका नटाचं नाव आणि पुढे ‘मार्ग’ असं लिहिलंय. शनिवार-रविवारी येणारे लोक गाड्या थांबवून तिथे फोटो काढतात. ज्या बाईचं नाव तिथे असायला हवं होतं, ती गुडघे चालत होते तोवर कधीमधी त्याच पाटीखाली टोपली घेऊन रानभाजी विकायला बसायची. एकदा फोटोत टोपली येतेय म्हणून एका मुलीने तिला “आजी, जरा बाजूला सरका” असं सांगितलेलं मी स्वतः पाहिलं. ती सरकली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी मूळची खालापूरकडची. घरी भातशेती. नर्सिंगचा कोर्स केला आणि नेमणूक मिळाली ती कर्जत तालुक्यात, कळंबच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी खाट आणि औषधांचं कपाट. माझ्याकडे सखल भागातली पाच गावं होती आणि डोंगरातल्या तीन वाड्या. गावांपर्यंत एसटी यायची. वाड्यांना नुसती पायवाट. सगळ्यांत वरच्या ठाकरवाडीला चढायला मला दोन तास लागायचे.

रुजू झाले त्याच आठवड्यात ती बाई खाली मला बघायला आली. चाळिशीची, काटक, गुडघ्याच्या वर लुगडं घट्ट नेसलेली. दारातच उभी राहून तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तुमीच नवी बाई?”

“हो.”

“वरची सुईण मी. पोरी माज्या हातानं मोकळ्या व्हतात. पण कदी कदी आडतं. तवा तुमी लागाल.”

“मी येईन की.”

“आदली बाईपन आसंच बोलली व्हती,” ती म्हणाली आणि निघून गेली.

मला राग आला होता. पुढच्याच आठवड्यात हट्टाने वर गेले. चपलेचा अंगठा तुटला, घसा कोरडा पडला. तिने गुळाचा काळा चहा पुढे ठेवला आणि उतरताना माझ्या चपलेला सुतळी बांधून दिली. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. फाल्गुन संपत आला होता. दुपारी बाराच्या सुमारास वाडीतली एक बाई धावत उपकेंद्रात आली. तिला धड बोलताही येत नव्हतं. “मावशीनं धाडलंय. बाळामागची वार नाय पडली. रगत थांबत नाय.”

मी पिशवी घेतली आणि निघाले. त्या दिवशी मी तो डोंगर कसा चढले मला आठवत नाही. झोपडीत एकोणीस वर्षांची पोर निपचित पडली होती. बाळ सुखरूप होतं, शेजारी गोधडीवर रडत होतं. पोरीखालची गोधडी मात्र भिजून काळी झाली होती. मावशी तिच्या ओटीपोटावर दोन्ही हात ठेवून चोळत होती. बराच वेळ चोळत असणार, कारण तिच्या मनगटांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मी जवळचं इंजेक्शन दिलं. सलाईन लावायला घेतलं, तर सुई तिसऱ्यांदा लागली. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही.

“मावशी, हिला आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं. नाहीतर हातची जाईल.”

वाडीत पुरुषमाणूस नव्हतं. दिवाळी उलटली की तिथले बाप्ये वीटभट्ट्यांवर जात. मागे राहिलेले दोन म्हातारे आणि एक पायाने अधू. मी दारात उभी राहून रडायच्या बेताला आले होते. मावशीने घराच्या वळचणीचा लांब बांबू ओढून काढला, त्याला लुगड्याची झोळी बांधली आणि बायकांना हाक मारली. तसा एक म्हातारा पुढे आला.

“बायांनी खांदा द्यायचा नसतो गं.”

“मेल्यावरचा खांदा ह्यो नाय,” मावशी म्हणाली. “सर.”

तो सरला.

रक्त जाणाऱ्या बाईचं डोकं खालच्या अंगाला आणि पाय वर असावेत, एवढं मी सांगितलं. मावशीला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पुढचा दांडा तिने घेतला, कारण उतारावर सगळा भार पुढच्यावर येतो. मागे दोघी जणी. एक सलाईनची बाटली वर धरून चालत होती, मी एका हाताने पोरीचं पोट दाबत बाजूने घसरत होते. ऊन भाजत होतं. मधे एक उभा कातळ आहे, तिथे पाऊल ठेवायला टीचभर जागा. मावशीची टाच तिथे दगडाने चिरली. मी म्हटलं, थांबून खांदा बदला. ती म्हणाली, “थांबल्यावर मला उठवायचं न्हाय.” पुढे तासभर तिच्या उजव्या टाचेचा लाल ठसा दगडांवर उमटत गेला आणि मी त्याच्यावरून चालत गेले.

खाली काकडीचा टेंपो भरत होता. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा नाही, क्रेट उतरवून जागा केली. कर्जतच्या दवाखान्यात वार काढली, रक्त चढवलं. पोर जगली. आज ती वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचं बाळ आता तिशीला आलंय.

ही एकच गोष्ट असती तर मी एवढी चिडले नसते. त्या दिवसानंतर तो रिवाजच पडला. अडलेली बाळंतीण असो, नाग डसलेला असो, झाडावरून पडलेला असो, वाडीतून झोळी निघाली की पुढे मावशी. बाप्ये असले तर बाप्ये, नसले तर बाया. काही जण वाटेत गेले. एकदा एक तान्हं गेलं, तेव्हा तिने झोळी तिथेच खाली ठेवली आणि त्या आईला जवळ घेतलं. पण बरेच जगले. दर दसऱ्यानंतर ती चारपाच बायकांना घेऊन त्या कातळाशी जायची, कुदळीने पायऱ्या खोदायची, पावसाने हललेले दगड पुन्हा बसवायची. कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, “झोळीवाल्याचा पाय घसरंल ना.”

रस्त्यासाठी अर्ज मी लिहायचे, ती अंगठा द्यायची. जागा वनखात्याची, काम एका खात्याचं, मंजुरी तिसऱ्याची. ती एसटीने कर्जतला जायची, ऑफिसच्या पायऱ्यांवर बसायची आणि संध्याकाळी परत यायची. एकदा एक कारकून तिला म्हणाला, अंगठे कशाला आणता, सही आणा. तिने ते मनावर घेतलं. पन्नाशी उलटलेल्या बाईने वाडीवरच्या शाळेत मास्तरांकडे बसून स्वतःचं नाव गिरवलं. पुढच्या अर्जावर सही होती. अक्षरं एकमेकांवर चढलेली, पण सही. त्या अर्जाचंही उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. असे अर्ज आम्ही किती केले, मी मोजले नाहीत. एका तपाहून जास्त काळ करत होतो.

मग तो नट आला.

त्याने कळंबच्या बाजूला जागा घेऊन बंगला बांधला होता. नऊच्या मालिकेतला नायक. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एका रविवारी मित्रांबरोबर कॅमेरे घेऊन तो डोंगर चढत असताना वरून झोळी येत होती. मध काढताना झाडावरून पडून एकाचा पाय मोडला होता. नटाने चौकशी केली, डोळे पुसले आणि म्हणाला, मी खांदा देतो. झोळी वाहणाऱ्यांपैकी एकाने मला नंतर सांगितलं, “साठेक पावलं आला आसंल बाई. मंग त्याला धाप लागली. आमी घेतली परत.”

त्या साठ पावलांचा व्हिडिओ झाला. आठवड्याभरात तो देशभर फिरला. मी नेरळला राहते त्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मलाच तो पाठवला, बघा किती मोठ्या मनाचा माणूस. मी बघितला. त्यात नटाचा घामेजलेला चेहरा आहे, मागे डोंगर आहे, संगीत लावलेलं आहे. मावशी त्या दिवशीही पुढच्या दांड्याला होती, सत्तरीला टेकलेली. व्हिडिओत तिचा एक हात दिसतो, कोपरापर्यंत. मी तो हात ओळखला. दुसरं कोणी ओळखायचं कारण नव्हतं.

वर्षाच्या आत रस्ता मंजूर झाला. बारा वर्षं विचाराधीन असलेलं प्रकरण साठ पावलांत सुटलं. व्हिडिओमुळे रस्ता झाला हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण ते खरं आहे, यानेच माझं डोकं उठतं. म्हणजे रस्ता होऊ शकत होता. वनखात्याची जागा तीच, डोंगर तोच, वाडी तीच. फक्त सांगणारं तोंड कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

उद्घाटनाला मांडव घातला होता. मी नुकतीच रिटायर झाले होते, मला बोलावणं आलं. दुसऱ्या रांगेत खुर्ची होती. वाडीतल्या बायकांना सकाळपासून उन्हात उभं केलं होतं, पाहुण्यांसमोर नाच करायला. मावशीच्या हातात ओवाळणीचं ताट. गाडीतून नट उतरला, तिने ओवाळलं. निवेदक म्हणाला, आपल्या आदिवासी भगिनी पाहुण्यांचं पारंपरिक स्वागत करत आहेत. नटाने तिला वाकून नमस्कार केला, टाळ्या पडल्या, तो स्टेजवर गेला. पाटीवरचा पडदा त्याच्याच हाताने उघडला. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसावं. तो जरा लाजला, मग हसला.

नंतर माझं नाव पुकारलं. डोंगरदऱ्यांत सेवा केली म्हणून शाल आणि नारळ. मी उठले, स्टेजवर गेले, शाल घेतली, नटाबरोबर फोटो काढला. माइक माझ्यासमोर होता. मी म्हटलं, “मी माझं कर्तव्य केलं.” आणि खाली उतरले. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं. दोन वाक्यं पुरली असती. ती बाई तिथेच, रिकामं ताट घेऊन मांडवाच्या खांबाला टेकली होती. मला नाव घ्यायचं सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. वाटलं, आता कशाला, पाहुण्यांना घाई आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. खाली बघत ती ताटातल्या अक्षता गोळा करत होती.

“तुमालापन शाल भेटली,” ती म्हणाली.

“हो ना. मावशी, तुमचा रस्ता झाला बघा एकदाचा.”

“झाला. त्याचं नाव लागलं.”

आणि मी ते बोलले, जे आपण सगळे अशा माणसांना बोलत आलोय. “तुम्हाला काय करायचंय नावाचं? तुमच्यासारख्यांना नावाची हौस नसते. काम झालं, ते महत्त्वाचं.”

तिने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

“का? मला नाव नाय का?”

तिने ताट खाली ठेवलं.

“सही शिकले मी. कशापायी शिकले? पायऱ्या मी खोदल्या. त्यो रस्ता माज्याच पायऱ्यांवरून नेला, दगड बी तेच टाकलेत. कोन बोलला तुमाला मला हौस नाय? मला कोनी इचारलं?”

“तसं नाही मावशी…”

“तसंच हाय. तुमी बी तसंच बोलता.”

ती बायकांबरोबर नव्या रस्त्याने वर चालती झाली. ट्रॅक्टर सोडला होता, पण ती बसली नाही.

मी नेरळला घरी आले आणि ती शाल कपाटात टाकली. रात्रभर नाही, पुढचे कितीतरी महिने ते मला खात राहिलं. कष्टाची माणसं निःस्वार्थी असतात, त्यांना प्रसिद्धी नको असते, हे आपण किती कौतुकाने म्हणतो. त्यांना विचारून म्हणतो का? आपल्याला द्यायचं नसतं म्हणून त्यांना नको असतं. मी हिशेब स्वतःपासून लावला. त्या नटाची मालिका मी रोज नऊ वाजता बघत होते. त्याची मालिकेतली आई कोण, खरी बायको कोण, कुत्र्याचं नाव काय, मला ठाऊक होतं. मावशीला मुलं किती झाली आणि त्यातली किती जगली, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. जिच्या घरी शेकडो वेळा चहा प्यायले, तिला.

म्हणून मी अर्ज लिहिला आणि ग्रामसभेला गेले. मावशीला सांगितलं. ती आणि वाडीतल्या सातआठ बायका खाली आल्या, मागे जमिनीवर बसल्या. अर्जात एवढंच होतं की नटाचं नाव काढू नका, पण त्याच्या शेजारी या बाईंचं नाव लावा.

सरपंच सभ्य माणूस आहे. त्याने अर्ज वाचला, म्हणाला, “बाई, भावना समजल्या. पण पाटी बघून लोक थांबतात. फोटो काढतात, जेवायला उतरतात. गावातल्या चार पोरांना रिसॉर्टवर काम मिळालंय. म्हातारीच्या नावाला कोण थांबणार?”

“थांबू नका. नाव लावा.”

मागून एक सदस्य म्हणाला, “आन आशा बाया वाडीवाडीला हायत. किती पाट्या लावनार?”

काही जण हसले. सरपंचानेही हसू आवरलं, आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळू लागला. तेव्हा मी त्याच्या हातातला माइक ओढला. मी काय बोलले त्यातलं मला थोडं आठवतं. मी म्हटलं, वाडीवाडीला आहेत म्हणूनच तुम्ही जिवंत आहात. मी म्हटलं, तुमच्यातल्या कितीजणांच्या घरची माणसं हिने खाली आणली, हात वर करा. कोणी केला नाही. मी एकेकाकडे बोट दाखवायला लागले, तर कुणीतरी माइकची वायर काढली.

मग मावशी उठली. तिला माइक लागत नव्हता. ती त्या सदस्याला म्हणाली, “तुजी आई दरडीखाली पाय आडकून पडली व्हती, लाकूडफाटीला वर आली तवा. कोनी आनली रं? मीच ना? जिती हाय ना घरात?”

तो खाली बघत राहिला. मला वाटलं, आता होईल. आता याहून जास्त काय लागतं?

सरपंच म्हणाला, “विषय चांगला आहे. पुढच्या सभेत घेऊ.”

पुढच्या सभेत तो विषय नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. पण मावशीने ती आठवण करून दिल्यावर गावातले काहीजण तिच्याशी बोलेनासे झाले. उपकारांची आठवण करून दिलेली माणसाला आवडत नाही. तो सदस्य तर वाडीत जायचाच बंद झाला.

“किती पाट्या लावनार” याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. तेव्हापासून ते शोधतेय. मला वाटतं, नटाला लक्षात ठेवायला आपल्याकडून काहीच लागत नाही. तो पडद्यावर येतो, जातो, आपण बसल्या जागी त्याचे होतो. मावशीला लक्षात ठेवायचं तर पहिला प्रश्न येतो, बाई, तुला ती माणसं खांद्यावरून का आणावी लागली? मग अर्ज दाबून ठेवणारे येतात, मतं मागायला वर चढणारे आणि नंतर न दिसणारे येतात, दोन तासांची वाट आहे म्हणून वर न जाणारे डॉक्टर येतात. खालच्या पंख्याखाली बसून “तिच्यात फार ताकद आहे हो” म्हणणारी मी येते. तिचं नाव पाटीवर लागलं तर रोज येता-जाता ते सगळ्यांना वाचावं लागेल. म्हणून ते लागत नाही. नटाच्या नावाने कुणाची झोप मोडत नाही.

मी वर्तमानपत्राला पाठवायचं म्हणून सगळं लिहून काढलं आणि मावशीला वाचून दाखवायला गेले. ती घरापुढे बसून वरी पाखडत होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “समदं खरं हाय. पन पेपरात माजं नाव नका घालू.”

मला समजेना. “मावशी, तुम्हालाच तर हवं होतं ना?”

“रस्त्याला हवं हाय. पेपर उद्या चुलीत जातो. कागदावर मी बारा वर्स नाव लिवलं, काय झालं? रस्त्याला लावा, नायतर नको.”

म्हणून मी इथेही तिचं नाव लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला ते खटकेल, मलाही खटकतं. नटाचं नाव लिहिलं नाही, कारण ते पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे.

वर्तमानपत्रातून फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं अदबीचं. म्हणाले, लेख चांगला आहे मॅडम, रविवारी लावू. बरोबर त्या कलाकारांचा एखादा फोटो मिळेल का? झोळी उचललेला असला तर उत्तम. मी म्हटलं, त्या बाईंचा देते. ते म्हणाले, तोही द्या, छोटा लावू. मी लेख परत मागितला.

गेल्या पावसाळ्यात रस्त्याचा वरचा तुकडा वाहून गेला. उभ्या कातळाजवळचाच. गाडी आता अर्ध्यावर थांबते. मी नटाच्या बंगल्यावर गेले होते. म्हटलं, एकदा बोलून बघावं, त्याच्या नावाचा रस्ता आहे. फाटकावरचा वॉचमन वाडीतलाच निघाला. त्याने मला पाणी दिलं आणि सांगितलं, साहेब वर्षभरात आलेले नाहीत, बंगला विकायला काढलाय.

श्रावणात तिथून पुन्हा झोळी उतरली. ताप डोक्यात गेलेली एक बाई होती. पुढच्या दांड्याला अंगणवाडीची मदतनीस होती, जिला एकोणिसाव्या वर्षी त्याच वाटेने खाली आणलं होतं ती. मावशीचे गुडघे आता चालत नाहीत. ती वरच्या वळणावर बसून पाय कुठे टाकायचा ते ओरडून सांगत होती. वाडीतल्या कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं. चांगलं घेतलंय, सगळ्यांचे चेहरे दिसतात, मावशीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मी ते माझ्या बिल्डिंगमधल्या बायकांना पाठवलं, जुन्या सहकाऱ्यांना पाठवलं, ऑफिसांना पाठवलं.

चार जणींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकीने विचारलं, यात तो हिरो कुठे आहे?

ती बाई वाचली. रस्ता अजून तुटलेलाच आहे. येत्या ग्रामसभेसाठी मी दोन अर्ज लिहिलेत, एक दुरुस्तीचा आणि एक पाटीचा. मावशीने दोन्हींवर सही केलीय. या वेळी बायका मागे जमिनीवर बसणार नाहीत, असं अंगणवाडीच्या मदतनिसाने मला सांगितलंय. पुढच्या खुर्च्या रिकाम्या मिळाव्यात म्हणून त्या तासभर आधी येणार आहेत.